पाटी ९७४ सालची, इमारत कालपरवाची: इंग्लिश पाणचक्कीचं वय कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केंब्रिजशायरमधल्या होटन गावची पाणचक्की तुम्ही पाहून आलात. तिथे कळलं की या जागी ९७४ सालापासून दळण चालत आलंय. पण समोरची इमारत विटांची आणि लाकडी फळ्यांची, फार तर तीन-साडेतीनशे वर्षांची. मग हजार वर्षं ही पर्यटकांना मारलेली थाप का? आणि एवढी जुनी चक्की शेवटी बंद कशानं पडली?

थाप नाही. मात्र ते हजार वर्षांचं वय इमारतीचं नाही, हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

आधी माझी ओळख. घरची पिठाची गिरणी इचलकरंजीला, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. गेली चौदा वर्षं पूर्व इंग्लंडमधल्या एका लहान पाणचक्कीवर (होटनच्या नव्हे) शनिवारी स्वयंसेवक म्हणून दळतो आणि हिवाळ्यात दगडांना टाकी लावतो, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करतो. होटनला मात्र बऱ्याचदा गेलोय, आणि दर वेळी इमारतीपेक्षा पाणीच जास्त बघत बसलोय.

गावाच्या वेशीवरचा मारुती घ्या. देऊळ कौलारू होतं, मग पत्रे आले, मग स्लॅब पडला, पुढे कुणी आमदारानं फरशी घालून दिली. तरी गाव म्हणतं, मारुती जुना. जागा जुनी, मान जुना. चक्कीचंही तसंच. तिथे मान पाण्याला असतो. लाकडी चाक पाण्यात कुजतं, एका माणसाच्या हयातीत एकदा तरी बदलावं लागतं. दगड झिजतात. पिठाची धूळ पेट घेते, त्यामुळे जुन्या चक्क्या जळण्यात पटाईत. टिकतो तो बंधारा, पाट आणि तिथे पाणी अडवण्याचा हक्क. होटनची ग्रेट ऊझ नदी सपाट मुलखातून वाहते, पाण्याला उतरण फार थोडी. अशा नदीवर चार-पाच फूट पाणी चढवता येईल अशी जागा सापडली की ती कुणी सोडत नाही.

९६९ साली या भागात रामसेचा मठ स्थापन झाला. त्याचा आश्रयदाता एथेलविन नावाचा सरदार. मठाच्या खर्चापाण्यासाठी जी इनामं लावून दिली त्यात होटनची चक्की होती, म्हणून ९७४ हे साल. म्हणजे ही तारीख चक्की बांधल्याची नाही, दान दिल्याची आहे. दान देताना ती चालू होती, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे एखाद्या गावाचा पहिला उल्लेख ताम्रपटात सापडतो तेव्हा गाव त्या दिवशी वसलं असं आपण म्हणत नाही. हे तसंच.

पुढचा मोठा टप्पा १०८६ चा. नॉर्मन राजा विल्यमनं सगळ्या इंग्लंडची महसुली पाहणी करवली, तिला डूम्सडे म्हणतात. तिच्यात जवळजवळ ६ हजार चक्क्यांची नोंद आहे. पण ही नोंद वसुलीवाल्याची: ‘एक चक्की, इतके शिलिंग’, बस्स. चाक कसलं, दगड किती, काही नाही. काही चक्क्यांचा खंड चक्क वाम माशांत मोजलाय, कारण बंधाऱ्याशी पाण्याबरोबर वाम आपसूक सापळ्यात यायचे. रामसेच्या मठाकडे वाम इतके, की पीटरबरोच्या मठाला दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ४ हजार वाम देऊन ते बदल्यात बार्नॅकच्या खाणीतला बांधकामाचा दगड घेत. या मुलखात वाम हे चलनच होतं म्हणा ना.

या जुन्या नोंदींबद्दल एक सावधगिरी. आजचं उभं चाक डोळ्यांपुढे ठेवून त्या वाचू नका. टॅमवर्थ इथे १९७१ साली उत्खननात नवव्या शतकातली चक्की निघाली, तिचं चाक आडवं होतं: पाणी पात्यांवर आदळतं, चाकाचा दांडा सरळ वर जातो आणि वरचा दगड फिरवतो. मध्ये दाते-बिते काही नाहीत. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर हे लगेच लक्षात येईल, तिथली रचना याच जातीची. उभं चाक आलं की दात्यांची चाकं आली, सुतार-लोहार आले आणि खर्चही आला.

आता सगळ्यात रंगतदार भाग. मठाला चक्कीतून पैसा का मिळायचा? दळण-सक्तीमुळे. जमीनदाराच्या कुळानं धान्य जमीनदाराच्याच चक्कीवर दळायचं आणि दळणातला ठरीव वाटा तिथेच ठेवून यायचा, असा कायदा. म्हणजे घरात जातं ठेवणं हा गुन्हा. आपल्या बायकांनी पहाटे जात्यावर बसून अंग मोडून घेतलं, पण जातं ठेवलं म्हणून पाटलानं उचलून नेल्याचं मी तरी ऐकलं नाही. इंग्लंडात नेलं. होटनहून दक्षिणेला सेंट ऑल्बन्स इथे मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड यानं १३३० च्या दशकात गावकऱ्यांची जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठात स्वतःच्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखे बसवले. हा माणूस ऐऱ्यागैऱ्या नव्हता, त्या काळचा मोठा गणिती, खगोलशास्त्रज्ञ, त्यानं केलेलं घड्याळ प्रसिद्ध आहे. पण गावानं ती फरशी पन्नास वर्षं लक्षात ठेवली. १३८१ च्या शेतकरी बंडात लोक मठात घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसा एकेक तुकडा घरोघर वाटला. तुकड्यानं दळण होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

होटनचं भांडण दळणापेक्षा पाण्यावरून पेटलं. १५०० च्या सुमारास मठानं चक्कीकडे जास्त पाणी वळवलं आणि पुराचं पाणी लोकांच्या अंगावर आलं. गावकरी उठले. वाद बरीच वर्षं चालला आणि १५१५ साली गावकऱ्यांना हक्क मिळाला, की पूर आला तर चक्कीची दारं उघडून पाणी सोडता येईल. साधी गोष्ट वाटते, पण ज्यानं पाट सांभाळलाय त्याला विचारा. चक्कीवाल्याला पाणी तुंबलेलं हवं, वरच्या शेतकऱ्याला उतरलेलं, नावाड्याला दोन्ही आळीपाळीनं, कोळ्याला भलतंच काही. इंग्लंडच्या नद्यांवरचे शेकडो वर्षांचे खटले या चौघांचेच आहेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजानं सरदारांना दिलेल्या हक्कांच्या सनदेत सुद्धा, थेम्स आणि मेडवे नद्यांतले मासेमारीचे बांध काढून टाका असं कलम आहे. आपल्याकडच्या पाणीवाटपाच्या बैठकीत बसलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीनं रामसेचा मठ बरखास्त केला. मालक बदलले, दळण थांबलं नाही.

तुम्ही पाहिलेली इमारत यानंतरची: सतराव्या शतकातला सांगाडा, एकोणिसाव्यात केलेली वाढ. पाच मजले का, असं सोबतच्या मुलानं विचारलं म्हणालात. कारण धान्य एकदाच वर न्यायचं आणि मग त्याला आपल्या वजनानं खाली उतरू द्यायचं. चाकाच्याच जोरावर साखळीनं पोतं वरच्या मजल्यावर जातं, तिथल्या कोठारातून धान्य खालच्या मजल्यावर दगडात पडतं, पीठ त्याच्याही खाली पोत्यात. हमाली एकदाच.

दगडाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. चक्कीचा दगड म्हणजे थोरलं जातं: खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधल्या भोकातून धान्याची वैरण. फरक मापात. व्यास ४ फूट, वजन टनाच्या आसपास, मिनिटाला शंभराहून जास्त फेरे. पाण्यातलं चाक मिनिटाला सात-आठ फेरे घेतं, दात्यांच्या दोन टप्प्यांत ते एवढं वाढतं. यातली एक हुशारी मला फार आवडते. मोठ्या चाकाच्या दात्यांना लहान चाकाच्या दात्यांनी पूर्ण भाग जाऊ देत नाहीत, मुद्दाम एखादा दाता वाढवतात. त्यामुळे तोच दाता त्याच दात्याला दर फेऱ्यात भेटत नाही आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. शिवाय एक चाक बिडाचं असेल तर दुसऱ्याचे दाते लाकडाचे, सफरचंदाच्या नाहीतर हॉर्नबीमच्या. ठिणगी नको, आवाज कमी, आणि काही अडकलं तर लाकडी दाता तुटतो, बिडाचं चाक वाचतं.

चांगल्या पिठासाठी दगड फ्रान्सहून येत, पॅरिसच्या पूर्वेला ला फेर्ते-सू-झ्वार गावच्या खाणींतले. हा गारगोटीच्या जातीचा दगड अखंड मिळत नाही. तुकडे जुळवायचे, प्लास्टरनं सांधायचे आणि भोवती लोखंडी पट्टे तापवून चढवायचे, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसे. जनावरांच्या भरडीला डर्बीशायरचा साधा दगड चालायचा. युरोपात युद्ध पेटलं की फ्रेंच दगड महाग व्हायचा.

टाकी लावणं म्हणजे काय हे घरी जातं असलेल्यांना सांगायला नको. गावात टाकारी यायचे, छिन्नी-हातोडीनं जातं टाकवून द्यायचे. इथे तेच, फक्त दिवसभर. वरचा दगड यारीनं उचलून उलटा करायचा. लाकडी सरळ पट्टीला गेरू लावून ती दगडावरून फिरवायची. जिथे लाल डाग पडतो तिथे दगड उंच, तेवढा टोचायचा. मग नळ्या-चऱ्या खोल करायच्या, मधून कडेला पीठ वाहून नेणाऱ्या. दोन दगडांमधली फट मध्यावर जास्त आणि कडेला कागदाच्या जाडीची राहायला हवी. पहिल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या हाताच्या मागे पोलादाच्या कपच्या घुसल्या, दोन अजून तिथेच आहेत, निळसर ठिपके दिसतात. पूर्वी टाकीवाला कामाला आला की चक्कीवाला आधी त्याला हाताची पाठ दाखवायला सांगायचा, असं इथले जुने लोक म्हणतात. अनुभवाचा दाखला तोच.

आणि एक फजिती. धान्याच्या चाड्यात एक चामडी पट्टा असतो, धान्याच्या वजनाखाली दबलेला. धान्य संपत आलं की पट्टा सैल होतो, त्याला बांधलेली घंटा खाली येऊन फिरत्या दगडाला लागते आणि वाजते. एका शनिवारी मी पाहुण्यांना हेच रंगवून सांगत होतो. पट्टा जुना होऊन वाळून ताठ झालेला, तो सैल पडलाच नाही. घंटा गप्प. दगडावर दगड घासला आणि गारगोट्या घासल्यावर येतो तो वास मजलाभर पसरला. पाण्याचं दार खाली पाडेपर्यंत अर्ध्या महिन्याची टाकी वाया गेली होती. कोरडा दगड फिरला तर आधी ठिणगी आणि मग आग, म्हणून मी वर म्हटलं की चक्क्या जळण्यात पटाईत.

होटनकडे परत येऊ. या चक्कीचा सुवर्णकाळ म्हणजे पॉटो ब्राउनचा (१७९७ ते १८७१). घराणं क्वेकर या साध्या, शिस्तशीर ख्रिस्ती पंथाचं, पुढे तो त्यातून बाहेर पडला, पण शिस्त तीच. जोसेफ गुडमन या भागीदाराबरोबर त्यानं धंदा वाढवला, गावात शाळा चालवली, प्रार्थनामंदिरं बांधायला पैसा दिला. त्याची एक गोष्ट होटनमध्ये हमखास ऐकायला मिळते: घरच्या प्रार्थनेला तो उधारीची वही घेऊन बसायचा आणि कुणाकडे किती येणं आहे ते देवाच्या कानावर घालायचा. गावाच्या चौकात त्याचा अर्धपुतळा आहे, तुम्ही बहुधा त्याच्या शेजारीच आइस्क्रीम खाल्लं असेल.

ब्राउनला वारं कुठे वाहतंय ते कळत होतं. १८५४ मध्ये त्यानं जवळच्या सेंट आईव्ह्जला वाफेवरची मोठी गिरणी उभी केली. (ती इमारत अजून आहे. १९७० च्या दशकात तिच्यात सिंक्लेअरच्या कंपनीचं काम चाले, खिशातले कॅल्क्युलेटर करणारी तीच.) म्हणून लोक म्हणतात, वाफेनं पाणचक्की मारली. मला हे पटत नाही. वाफेची गिरणी लंडनला ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ १७८६ मध्येच सुरू झाली होती, ऑल्बियन मिल्स. १७९१ मध्ये ती जळाली तेव्हा पुलावर चक्कीवाले आनंदानं नाचले म्हणतात. पण त्यानंतर शंभर वर्षं पाणचक्क्या चालल्याच, उलट सुधारल्या. जॉन स्मीटन या इंग्लिश इंजिनिअरनं १७५९ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाणी चाकावर वरून सोडलं तर खालून ढकलण्याच्या जवळजवळ दुप्पट काम होतं. त्या हिशेबानं चाकं आणि पाट नव्यानं आखले गेले. वाफेच्या गिरणीतही फिरत होते दगडच. आणि वाफेला कोळसा लागतो, नदी फुकट वाहते.

चक्की मारली ती रोलरनं आणि बंदरांनी, दोघांनी मिळून. बुडापेस्टच्या गिरण्यांत गहू दगडाऐवजी पोलादी रुळांमधून टप्प्याटप्प्यानं फोडायची पद्धत रुजली. इंग्लंडात हेन्री सायमननं १८७८ मध्ये मँचेस्टरला मॅकडूगल बंधूंच्या गिरणीत असे रोलर बसवले. दगड दाण्याला एकाच घासात चिरडतो, कोंडा बारीक होऊन पिठात मिसळतो, अंकुरातलं तेलही पिठात उतरतं. रोलर दाणा उघडतो, कोंडा सोलून बाजूला काढतो आणि पांढरंशुभ्र पीठ वेगळं देतो. गिऱ्हाइकाला पांढरा पाव हवा होता. त्यात धान्यावरच्या आयातकराचा जुना कायदा १८४६ मध्ये रद्द झालेला, म्हणजे गहू परदेशातून मोकळेपणानं येत होता, अमेरिकेतून, रशियातून आणि आपल्याकडूनही.

इथे आपला खरा संबंध येतो. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली, सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला, आणि १८७३ मध्ये हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या गव्हावरचा कर उठला. मध्य प्रांताचा गहू मुंबई बंदरातून आणि पंजाबचा कराचीतून लिव्हरपूल, लंडन, हलच्या गोद्यांत पडू लागला. गहू टणक आणि कोरडा, बैलांच्या मळणीतली माती-खडे घेऊन आलेला. तो धुवायला, वाळवायला, मग रुळांत घालायला गोदीवरची मोठी गिरणीच हवी. होटनसारख्या चक्कीला आजूबाजूच्या शेतातला मऊ इंग्लिश गहू ठाऊक. तिथे नागपूरकडचा गहू पोचवायचा म्हणजे गोदीतून शंभर मैल आत आणायचा आणि पीठ करून परत शहरात न्यायचं. हा हिशेब जमणारा नव्हता. म्हणजे विदर्भ-नर्मदेकडच्या शेतकऱ्यानं नकळत इंग्लंडच्या खेड्यातल्या चक्कीवाल्याची रोजी मोडली, आणि त्याच काळात दुष्काळातही गहू बोटीवर चढत होता ते वेगळंच. दोन्हीकडे मधल्यामध्ये कमावणारा एकच.

खेड्यातल्या चक्क्या मग गुरांच्या भरडीवर तग धरून राहिल्या. होटन १९३० च्या आसपास थांबली. चाकं काढून टाकली आणि त्या जागी नदीचं पाणी आवरायची दारं बसवली. गंमत बघा, १५१५ मध्ये गावानं जे काम मागितलं होतं तेच शेवटी चक्कीकडे उरलं. स्थानिकांनी पैसे जमवून इमारत वाचवली, १९३९ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, १९८३ पर्यंत तिथे युवा वसतिगृह होतं, आणि १९९९ मध्ये उत्तरेकडचं चाक पुन्हा बसवून दळण सुरू झालं.

अशी एखादी चक्की स्वतः शोधून वाचायची असेल तर: आधी जुने नकाशे बघा, १८३६ च्या कायद्यानंतर गावोगाव केलेले चर्चच्या धर्मकराचे नकाशे त्यासाठी उत्तम, त्यांत पाट आणि तळं स्पष्ट काढलेलं असतं. रेडिंगला चक्क्यांच्या कागदपत्रांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, मिल्स आर्काइव्ह, तिथले लोक मदत करतात. जागेवर गेल्यावर भिंतींवरून तारीख काढू नका. बंधारा कुठे बांधलाय, सांडवा कुणीकडे आहे, खालच्या अंगाला पाणी जुन्या पात्रात परत कुठे मिळतं, हे चालत बघा. आणि अंगणात पायरी म्हणून टाकलेला एखादा दगड दिसला तर उलट बाजू बघता येते का पाहा, चऱ्या सापडतील.

शेवटी, तुम्ही तिथून आणलेल्या पिठाबद्दल. दगडावरचं आहे, अंकुराचं तेल त्यात आहे, म्हणून ते लवकर खवट होतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा. इंग्लिश गव्हाला चिकटपणा कमी, चपातीची कणीक अर्धा तास जास्त मुरू द्या, नाहीतर लाटताना कडा फाटतात.